दुकान चालवतं कोण

खिळेखाऊला खिळेखाऊ हे नाव काही उगाच पडलं नव्हतं. खुर्च्या-सोफ्यांना नवं कापड चढवणारा माणूस तो. एका हाताने कापड ताणून धरायचं, दुसऱ्या हातात हातोडी, मग खिळे धरायचे कुठे? तोंडात. सकाळी चिमूटभर बारीक खिळे गालात जायचे ते दुपारी जेवतानाच बाहेर यायचे. जिभेच्या टोकाने एकेक खिळा ओठांवर आणायचा, लोहचुंबकाच्या हातोडीने अलगद टिपायचा आणि ठाप! बघणारा बघतच राहायचा. एकदा एका म्हातारीने काळजीने विचारलं, "अरे, एखादा गिळलास तर?" खिळेखाऊचं तोंड भरलेलं, तो काय बोलणार? त्याच्या दादानेच बसल्या जागेवरून उत्तर दिलं, "गिळतो की मावशी, रोज दोन-चार. म्हणून तर त्याचा कणा एवढा ताठ आहे."

म्हातारी इतकी हसली, की आणली होती एक खुर्ची, पण जाताना चार खुर्च्यांचं काम देऊन गेली.

तर दुकान असं चालायचं. मागच्या अंगाला खिळेखाऊ आणि त्याची बायको. तो ठोकायचा, ती शिवणयंत्रावर खोळी शिवायची. पुढे दाराजवळ दादा. दादा काहीच करायचा नाही. निदान सगळ्यांना असंच वाटायचं, खुद्द दादालाही. आलेल्या माणसाला दार उघडून द्यायचं, बसवायचं, त्याच्या घरचं-दारचं विचारायचं आणि कागद पुढे आला की सही ठोकायची. सही मात्र बघण्यासारखी. शेवटच्या अक्षराची शेपटी अशी वळवायचा की जणू मांजराने आळस दिला.

दादा आधी असा बसणारा नव्हता. बाप गेला तेव्हा तो चौदा वर्षांचा आणि खिळेखाऊ सहा. त्या दिवसापासून दादाच बाप झाला. पुढे तो या देशात आला, फोमच्या कारखान्यात राबला आणि भावाला बोलावून घेतलं. फोम कापताना जो भुगा उडायचा तो आठ वर्षं छातीत भरून घेतला. शेवटी छातीच म्हणाली, आता पुरे. दहा पावलं चालला की भात्यासारखा आवाज यायचा. लग्न करायचं राहूनच गेलं. कुणी विचारलं तर म्हणायचा, "केलं असतं, पण बायको म्हणाली असती घोरतोस. आत्ता कसं, कुणाची तक्रार नाही."

कारखाना सुटल्यावर दोघांनी दुकान काढलं. नोंदणीच्या कचेरीत कारकुनाने विचारलं, मालक कोण? दादा म्हणाला, "हा. माझ्या मागे ना पोर ना बाळ, माझ्या नावावर ठेवून उपयोग काय?" खिळेखाऊ तिथेच अडून बसला. थोरला भाऊ समोर असताना धाकट्याने मालक व्हायचं म्हणजे काय! कारकून घड्याळ बघायला लागला. तेव्हा खिळेखाऊ म्हणाला, "ठीक आहे दादा, नाव माझं. पण सही तुझी. कुठल्याही कागदावर तू असताना मी सही करणार नाही." त्यांच्या घरात रीतच होती ती. थोरला बसलेला असेल तर धाकट्याने कागदाला हात लावायचा नाही. मग कारकुनाने तसंच लिहिलं. मालक धाकटा, व्यवस्थापक थोरला. दोघेही खूश होऊन बाहेर पडले. प्रत्येकाला वाटलं, आपण दुसऱ्याला मोठं केलं. दादाला देशात राहायचा परवानाही व्यवस्थापक म्हणूनच मिळाला.

एकोणीस वर्षं असं चाललं. जागेच्या भाड्याचा करार, कापडाच्या मागण्या, गिऱ्हाइकांच्या पावत्या, सगळ्यावर ती मांजराची शेपटी.

आणि मग नियम बदलला. मालकांचे जुने परवाने बंद. दुकानदाराने व्यवसायमालकाचा नवा व्हिसा घ्यायचा, आणि त्यासाठी दुकान आपल्या नावावर असून भागायचं नाही. ते आपणच रोज चालवतो हे दाखवायचं. ज्याला मिळेल त्याची बायको आणि मुलं त्याच्याबरोबर राहणार. खिळेखाऊची मुलगी सोळा वर्षांची. इथेच वाढलेली, पुढच्या वर्षी शाळा संपणारी. गावाकडचं घर तिने फोटोतच पाहिलेलं. व्हिसा नाही मिळाला तर तिघांनी तीन महिन्यांत देश सोडायचा.

खिळेखाऊने अर्ज केला. हसतच केला. म्हणाला, "हे तर हातच्या कांकणाला आरसा दाखवण्यासारखं झालं." पाच आठवड्यांनी अर्ज परत आला. त्यावर लिहिलं होतं, अर्जदार मालक आहे असं दिसतं, पण व्यवसाय चालवताना कुठेही दिसत नाही.

तो घेऊन खिळेखाऊ एका वकीलबाईंकडे गेला; त्यांनी चष्मा कपाळावर सरकवून सगळे कागद चाळले. बाई मोठ्या चटपटीत, पण मनाने वाईट नाहीत. म्हणाल्या, "अहो, एकोणीस वर्षांत तुमची एक सही नाही कुठे?"

"नाही."

"मग तुम्ही दुकानात करता तरी काय?"

खिळेखाऊने दोन्ही हात टेबलावर ठेवले. अंगठ्याला घट्टे, बोटांवर खिळ्यांचे जुने वण, नखांत काथ्याची धूळ बसलेली.

बाईंनी ते हात पाहिले. मग हळूच म्हणाल्या, "हात फाईलला लावता येत नाहीत हो. कागद आणा."

मग घरात कागद गोळा करायची धांदल उडाली. बायकोने फोनवर नवऱ्याचे फोटो काढले. स्प्रिंगा बांधताना, पट्टे ताणताना, उलट्या पाडलेल्या सोफ्यात कमरेपर्यंत घुसलेला. त्या फोटोत तर नुसते पायच दिसत होते. मुलगी म्हणाली, "बाबा, हे पाय तुमचेच आहेत हे कसं सिद्ध करायचं?" सगळे पोट धरून हसले, दादा सगळ्यांत जास्त, हसता हसता त्याला ढासच लागली. फोटो बघून वकीलबाईंनी मान हलवली. "यातून तुम्ही उत्तम कारागीर आहात एवढं सिद्ध होतं. कारागीर पगारावरही ठेवता येतो. ते विचारतील, ठरवतं कोण? कापड कुठलं घ्यायचं, कुठलं काम नाकारायचं, गिऱ्हाइकाला शब्द कोण देतं?"

"मीच की!"

"कागद म्हणतात, तुमचे दादा."



मग बाईंनी उपाय सांगितला. दादांनी स्वतः लिहून द्यायचं, की मी नावापुरता व्यवस्थापक होतो, दुकानाच्या कारभारात माझा काही हात नाही, सह्या केल्या त्या भावाच्या सांगण्यावरून. मग दोघांनी व्हिसाच्या कचेरीत येऊन तिथल्या साहेबांसमोर तेच सांगायचं.

"आणि मग दादाचा परवाना?"

बाईंनी चष्मा डोळ्यांवर ओढला. "व्यवस्थापकाची जागाच नव्हती म्हटल्यावर परवाना कशाचा राहणार? भाऊ कुटुंबात धरत नाहीत. नियमात बायको बसते, मुलं बसतात. भाऊ बसत नाही."

त्या दिवशी खिळेखाऊ घरी आला आणि कुणाला काही बोलला नाही. बाईंनी लिहून दिलेला मसुद्याचा कागद त्याने कापडाच्या नमुन्यांच्या वहीत सरकवून ठेवला. बायकोने विचारलं, "काय म्हणाल्या?" तर म्हणाला, "बघू म्हणाल्या." आठवडा गेला, दोन गेले. बायको काही दुधखुळी नव्हती. एक दिवस खोळ शिवता शिवता तिने यंत्र थांबवलं. "तुमच्या तोंडात खिळे आहेत म्हणून मी गप्प होते. आता काढा आणि सांगा."

त्याने सांगितलं. ती ऐकत राहिली आणि मग डोळ्यांना पदर लावला. "भाऊजींना असं लिहायला लावायचं? माझ्या बाळंतपणात त्यांनी रांधून वाढलंय मला. त्यांना घालवून राहायचं इथे?"

"म्हणून तर बोललो नाही."

"आणि पोरीचं काय?"

दोघे पुन्हा कामाला लागले.

पण नमुन्यांची वही दादाच्याच हाताखालची. एक गिऱ्हाईक निळ्यात काही दाखवा म्हणालं, दादाने वही उघडली, निळ्याच्या पानात तो कागद. त्याने तो वाचला, घडी घालून खिशात ठेवला आणि गिऱ्हाइकाला म्हणाला, "निळा तुमच्या खोलीत उदास दिसेल, हिरवट घ्या." गिऱ्हाइकाने हिरवट घेतलं.

संध्याकाळी दुकानाची फळी लावताना त्याने हाक मारली, "ए खिळेखाऊ, इकडे ये." या नावाने दादा कधी हाक मारायचा नाही, ते बाहेरच्यांचं नाव. खिळेखाऊ आला. दादाने खिशातून कागद काढला.

"काय वाईट भाषा लिहिलीय या बाईने! 'सदर इसमाचा कारभारात हात नाही.' इसम म्हणे. चोर पकडलाय का? मी माझ्या शब्दांत लिहितो."

"दादा, तू नको लिहूस. आपण सगळेच परत जाऊ."

"आणि गावात काय खुर्च्या ठोकणार? तिथे लोक जमिनीवर बसतात."

"काहीतरी करू."

"गाढवा, काहीतरी करू हे मी आठ वर्षं केलंय. भुगा खाल्लाय. आता परत पहिल्यापासून?" मग आवाज खाली आणून म्हणाला, "आणि यात खोटं काय आहे रे? खरंच मी काय करतो? बसतो. तू काम करतोस. मी आपला मोठेपणा मिरवतो."

आता यावर खिळेखाऊने लगेच म्हणायला हवं होतं, की नाही दादा, असं नाही. पण त्याच्या मनात आलं, आहे तर खरं. एक क्षणच आलं. तेवढ्या क्षणात तो बोलायचा राहिला, आणि दादाने ते पाहिलं. पुढे किती तरी दिवस खिळेखाऊ तो क्षण मनात उलटापालटा करत होता. फाटकं कापड उलटून घ्यावं तसं. पण उलटूनही फाटलेलं ते फाटलेलंच.

दादाने मेजाशी बसून लिहिलं. सुंदर वळणदार अक्षर. "मी दुकानात पुढे बसतो. कापड कुठलं आणायचं, कुठली खुर्ची दुरुस्त होण्याच्या पलीकडे गेली, कुणाला कधी द्यायची, हे सगळं माझा धाकटा भाऊ ठरवतो. मला यातलं काही कळत नाही. मी फक्त सही करतो, कारण मी मोठा आहे आणि त्याचा माझ्यावर जीव आहे."

वकीलबाईंनी शेवटची ओळ खोडली. म्हणाल्या, "कारण लिहायचं नाही."

तारीख मिळाली. कचेरीत एक स्वच्छ खोली, टेबल, पलीकडे साहेब. साहेब तरुण होते, नम्र होते, दादाला धाप लागलेली बघून त्यांनी स्वतः उठून खुर्ची ओढून दिली. दादाने बसायच्या आधी सवयीने खुर्चीची गादी दाबून पाहिली.

"हे तुम्ही स्वतःहून लिहिलंय? कुणी दबाव आणला?"

"माझ्यावर दबाव आणणारा अजून जन्मायचाय साहेब," दादा म्हणाला. वकीलबाई किंचित खोकल्या. "हो, स्वतःहून."

"दुकानात तुम्ही नक्की काय करता?"

"बसतो."

"आणखी?"

दादाने विचार केला. "दार उघडतो. पण ते लोकांना स्वतःलाही उघडता येतं."

साहेबांनी ते टिपून घेतलं. मग खिळेखाऊकडे वळले. त्यांनी कापडाच्या दोन जातींमधला फरक विचारला, स्प्रिंगा कुठून येतात विचारलं, मागच्या वर्षी कुठलं मोठं काम नाकारलं आणि का. खिळेखाऊने सांगितलं. जन्मात इतकं बोलला नसेल इतकं बोलला. साहेबांनी मान डोलावली. मग पेन खाली ठेवून सरळ विचारलं, "उद्यापासून तुमचे भाऊ दुकानात नसतील, तर दुकानाच्या कारभारात काही फरक पडेल?"

वकीलबाईंनी आधीच बजावून ठेवलं होतं, हा प्रश्न येणार आणि त्याचं उत्तर एकच. खिळेखाऊने तोंड उघडलं. जीभ सवयीने गालात गेली. तिथे काही नव्हतं. भिंतीवरच्या घड्याळाचा काटा टकटक करत होता. शेजारी दादाचा भाता चालला होता.

"नाही," तो म्हणाला. "काही फरक पडणार नाही."

टेबलाखाली दादाने त्याचा गुडघा थोपटला. लहानपणी पाढे न चुकता म्हटले की थोपटायचा, तसा.

व्हिसा सहा आठवड्यांनी आला. बायको आणि मुलीच्या नावासकट. त्याच पाकिटात दादाचं पत्र होतं, साठ दिवसांच्या आत जायचं. मुलगी ते वाचून मोठ्या काकांच्या गळ्यात पडून रडली. काका म्हणाले, "अगं, साठ दिवस दिलेत, मला तर सामान बांधायला सहा मिनिटं लागतात. उरलेले दिवस काय करू सांग?" त्या साठ दिवसांत तो रोज दुकानात आला, पण पुढे दाराजवळ बसला नाही. मागे एका पोत्यावर बसायचा. गिऱ्हाईक आलं तरी उठायचा नाही. "कुणी बघितलं तर?" म्हणायचा. कुणी बघायला येणार नव्हतं. पण लिहून दिलं होतं ना!

जायच्या दिवशी विमानतळावर खिळेखाऊने बॅग उचलली. ती इतकी हलकी होती, की त्याला वाटलं दादा काहीतरी घरी विसरला. "विसरलो नाही," दादा म्हणाला, "एवढंच आहे." मग तो आत गेला, आणि काचेपलीकडे थांबत थांबत, श्वास घेत घेत, दिसेनासा झाला.

दुकान चालू राहिलं. खिळेखाऊ ठोकायचा, बायको शिवायची, दाराची घंटा वाजली की दोघांपैकी एक उठून जायचं. काम तेच, हात तेच. पण माणसं यायची, भाव विचारायची आणि बघू म्हणून जायची. आधी अशी जायची नाहीत. बोलणाऱ्याची मातीही खपते आणि गप्प बसणाऱ्याचं सोनंही पडून राहतं, हे खिळेखाऊला आयुष्यभर नुसतं पाठ होतं, कळलं आता. जुनी गिऱ्हाइकं दारातूनच डोकावून विचारायची, "ते नाहीत का?" एक गृहस्थ आपल्या मुलाच्या नोकरीची बातमी सांगायला आले होते, खुर्ची-बिर्ची काही आणली नव्हती. दादा नाही कळल्यावर बातमी न सांगताच गेले.

मग एक दिवस शाळेतून निवृत्त झालेल्या एक बाई आल्या. बरोबर नवऱ्याची आरामखुर्ची. नवरा दोन वर्षांपूर्वी वारलेला. खिळेखाऊने खुर्ची उलटी केली, दाबली, वाजवली आणि प्रामाणिकपणे सांगितलं, "पट्टे गेलेत. उजवीकडे खड्डा पडलाय. स्प्रिंगा नव्या, फोम नवा, सगळं सपाट करून देतो. नवीकोरी होईल."

बाईंनी खुर्चीच्या हाताला घट्ट धरलं. "नको मग. राहू द्या." आणि त्या ती ओढत दाराकडे न्यायला लागल्या.

खिळेखाऊला कळेना आपलं काय चुकलं. "बाई, काम चांगलं करून देईन हो."

"तुमचे भाऊ म्हणाले होते, घेऊन या, मी बघतो. त्यांनाच माहीत आहे. कुठे आहेत ते?"

"गावी गेलेत."

"कधी येणार?"

खिळेखाऊने हातोडी बाजूला ठेवली आणि फोन लावला. बऱ्याच वेळाने उचलला गेला.

"दादा, त्या आरामखुर्चीवाल्या शाळेच्या बाई आल्यात. तू त्यांना काय सांगितलं होतंस?"

पलीकडे आधी भाता चालला. मग दादा म्हणाला, "मी? मला त्या दुकानातलं काही कळत नाही बाबा. लिहून दिलंय मी. सही आहे माझी." आणि हसला. हसणं लांबलं, त्याचा खोकला झाला, खोकला थांबेपर्यंत खिळेखाऊ फोन कानाला लावून उभा राहिला.

"दादा..."

"फोन दे त्यांच्याकडे."

बाई खिडकीशी जाऊन बोलल्या. पंधरा मिनिटं तरी झाली असतील. एकदा मोठ्याने हसल्या, दोनदा डोळे पुसले. खुर्चीकडे बोट दाखवून काहीतरी समजावत होत्या, जणू पलीकडच्याला दिसत होतं. खिळेखाऊची बायको यंत्रावरचा हात थांबवून बघत होती. शेवटी बाई परत आल्या आणि खुर्चीचा हात सोडला.

"ते म्हणतात, पट्टे बदला, कापड बदला. पण उजवीकडचा खड्डा तसाच ठेवा. तो आमच्या यांच्या बसण्याचा आहे. डाव्या बाजूला मात्र फोम घाला, म्हणजे मला बसता येईल. असं होतं का?"

खिळेखाऊने खुर्चीकडे पाहिलं. वीस वर्षांच्या धंद्यात कुणी खड्डा ठेवायला सांगितला नव्हता. किंवा सांगितलं असेल, आणि दादाकडून त्याच्यापर्यंत ते 'कापड हिरवट, फोम मऊ' एवढंच होऊन आलं असेल. "होतं," तो म्हणाला.

त्याने फोन हातात घेतला. काय बोलायचं ते ठरलं नव्हतं, पण बोलायचं होतं. पलीकडे कुणी नव्हतं. दादाने केव्हाच ठेवला होता. पुन्हा लावला, उचलला नाही.

बाई पावतीसाठी थांबल्या होत्या. वकीलबाईंनी पुढच्या तपासणीसाठी नवं पावतीपुस्तक छापून घ्यायला लावलं होतं, आणि प्रत्येक पावती न चुकता भरा म्हणून बजावलं होतं. खिळेखाऊने लिहिलं, 'आरामखुर्ची एक. उजवी बाजू आहे तशी ठेवणे.' खाली छापील ओळ होती, काम ठरवणाऱ्याची सही. त्याने पेन दोनदा टेकवून उचललं. मग आपलं नाव लिहिलं आणि पावती फाडून बाईंना दिली.